सोडलेला डास परत बोलावता येतो का?

सोलापुरात नळाला पाणी येतं ते चार-पाच दिवसांआड. उजनी धरण शहरापासून सुमारे ११० किलोमीटरवर. तिथून जलवाहिनीने आलेलं पाणी शहराच्या एकेका भागाला पाळीपाळीने सोडलं जातं. त्यामुळे पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराचं घर असो की जुळे सोलापुरातला बंगला, पाणी साठवायची सोय प्रत्येक घरी असतेच. मोरीत बॅरल, अंगणात हौद, गच्चीवर टाकी. पावसाळ्यात डेंगीचे रुग्ण वाढू लागले की महापालिकेचं धूरफवारणीचं यंत्र गल्लीतून फिरून जातं. पांढऱ्या धुराचा लोट उठतो, लोक दारं-खिडक्या लावून घेतात, आणि दोन-तीन दिवसांत डास पुन्हा हजर होतात.

एवढा धूर करूनही डास का संपत नाहीत, हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. त्यावर जगातल्या काही शास्त्रज्ञांनी काढलेला उपाय पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतो: आणखी डास सोडायचे. साधे नव्हेत, प्रयोगशाळेत जनुक बदललेले. या उपायाची एक चाचणी महाराष्ट्रातच, जालना जिल्ह्यातल्या एका गावी झाली आहे. असे डास उद्या आपल्या गावात सोडायचे ठरलं तर धोका किती, आणि तसं ठरवण्याचा अधिकार कुणाचा, हे समजून घ्यायला आधी डासाचं घर पाहावं लागेल.

धूर हुकतो कुठे?

डेंगी पसरवते ती एडिस इजिप्ती जातीची मादी. पायांवर पांढरे पट्टे असलेला हा डास दिवसा चावतो. त्याला गटार फारसं आवडत नाही. साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर आतल्या कडेला. अंडी तिथे घट्ट चिकटतात आणि पाणी आटलं तरी कित्येक महिने कोरडी राहून जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरलं, कडा बुडली, की अळ्या बाहेर येतात. सोलापूरच्या उष्ण हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

आता धूर काय करतो ते पाहू. त्याने मरतात ते त्या क्षणी बाहेर उडत असलेले प्रौढ डास. एडिसची मादी मात्र घरात, पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे विसावलेली असते, आणि धूर आत येऊ नये म्हणून घरच्यांनीच खिडक्या लावलेल्या असतात. पाण्यातल्या अळ्यांना आणि बॅरलच्या कडेच्या अंड्यांना धुराचा स्पर्शही होत नाही. आरोग्य कर्मचारी पाण्यात ॲबेट हे अळीनाशक टाकतात, हौदात गप्पी मासे सोडतात, आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात. हे उपाय धुरापेक्षा नेमके आहेत. पण पाणी पाच दिवसांनी येणार असताना भरलेलं बॅरल ओतून, घासून कोरडं करायला कुणाचा हात धजेल? त्यातच भारतातल्या अनेक ठिकाणच्या एडिसनी जुन्या कीटकनाशकांना दाद देणं सोडलं आहे.

माणसाला न सापडणारी मादी सापडते ती डासाच्या नराला. तिला शोधणं हेच त्याचं काम आहे. नव्या उपायाची सगळी भिस्त या एका गोष्टीवर आहे.

डासांवर सोडलेला डास

नर पाठवून कीड संपवण्याची कल्पना नवी नाही. जनावरांच्या जखमेत अंडी घालणारी स्क्रूवर्म नावाची माशी अमेरिकेतल्या गोपालकांना हैराण करत होती. एडवर्ड निपलिंग या कीटकशास्त्रज्ञाने लाखो नर माश्यांना किरणोत्सर्गाने वांझ करून सोडण्याचा मार्ग सुचवला. या माशीची मादी आयुष्यात एकदाच नराशी जुगते. तो नर वांझ निघाला की तिची सगळी अंडी वाया जातात. १९५४ मध्ये कुरासाव बेटावर हा प्रयोग यशस्वी झाला आणि पुढे अमेरिकेतून ही माशी हटवता आली.

डासांवर मात्र किरणोत्सर्ग जपून वापरावा लागतो. मात्रा थोडी जास्त झाली की नर दुबळे होतात आणि रानातल्या नरांपुढे मादी मिळवण्यात मागे पडतात. मग ऑक्सफर्ड विद्यापीठातून २००२ मध्ये निघालेल्या ऑक्सिटेक या कंपनीने वेगळी वाट धरली. तिने एडिसच्या पेशीत एक जनुक घातला. या जनुकाच्या हुकमावरून एक प्रथिन तयार होतं आणि ते स्वतःचंच उत्पादन वाढवत नेतं. पेशीत ते इतकं साठतं की पेशीचं नेहमीचं काम ठप्प होतं आणि अळी किंवा कोश मोठा होण्याआधीच मरतो.

असा डास प्रयोगशाळेत तरी वाढवायचा कसा? त्यासाठी टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक आहे. अळ्यांच्या पाण्यात ते घातलं की ते त्या प्रथिनाला चिकटून त्याला निकामी करतं आणि डास सुखरूप वाढतात. कोशावस्थेत मादीचा कोश नरापेक्षा मोठा असतो, म्हणून आकारावरून नर-मादी वेगळे करता येतात. नर बाहेर सोडतात. नर चावत नाही. फुलांचा रस पिऊन थोडे दिवस जगतो. तेवढ्यात तो ज्या रानटी मादीशी जुगतो, तिच्या पिल्लांना वारशाने तो घातक जनुक मिळतो. बाहेरच्या पाण्यात टेट्रासायक्लिन नसतं, त्यामुळे पिल्लं मरतात. या वाणाचं नाव ओएक्स५१३ए. त्याच्यात एक चमकणारा खूण-जनुकही घातलेला असतो. विशिष्ट प्रकाशात अळी लाल दिसते, त्यामुळे पकडलेली अळी रानटी आहे की सोडलेल्या बापाची, हे ओळखता येतं.

केमन बेटांवर २०१० मध्ये असे सुमारे ३३ लाख नर सोडले गेले आणि त्या भागातले एडिस सुमारे ८० टक्क्यांनी घटले. ब्राझीलमधल्या जुआझेरो शहराच्या एका वस्तीत ही घट मोजण्याच्या पद्धतीनुसार ८० ते ९५ टक्के भरली.

दावलवाडीचे पिंजरे

जालना हे भारतातल्या बियाणे उद्योगाचं एक मोठं केंद्र. तिथल्या महिको समूहाशी जोडलेल्या जीबीआयटी या कंपनीने ऑक्सिटेकशी करार करून हा वाण भारतात आणला. आधी काही वर्षं बंद प्रयोगशाळेत काम झालं. सोडायच्या नराला भारतीय मादी स्वीकारते का, तो देशी नरांशी स्पर्धा करू शकतो का, हे तपासलं गेलं. तो करू शकतो, असे निष्कर्ष २०१५ मध्ये शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाले. जानेवारी २०१७ मध्ये बदनापूर तालुक्यातल्या दावलवाडी इथे पुढची पायरी जाहीर झाली: उघड्या हवेतल्या, पण जाळीने पूर्ण बंदिस्त पिंजऱ्यांतल्या चाचण्या.

पिंजऱ्यात ऊन, वारा, दमटपणा खरा असतो. डास मात्र आतच राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने जनुकबदल डासांच्या चाचणीसाठी मार्गदर्शक चौकट २०१४ मध्ये काढली आणि २०२१ मध्ये सुधारली. तिच्यात चार पायऱ्या आहेत: प्रयोगशाळा, बंदिस्त चाचणी, टप्प्याटप्प्याने खुली सोडणूक आणि त्यानंतरची दीर्घ देखरेख. दावलवाडी ही दुसरी पायरी. तिसरी पायरी, म्हणजे गावातल्या मोकळ्या हवेत जनुकबदल डास सोडणं, भारतात अजून आलेली नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत जाळीचाच तेवढा फरक दिसतो, पण तो साधा नाही. पिंजऱ्यात काही बिघडलं तर फवारा मारून चाचणी संपवता येते. जाळी काढल्यावर पुढचा सगळा हिशेब एका प्रश्नाभोवती फिरतो: सोडलेला जनुक रानात किती काळ राहणार?

जनुकाचा मुक्काम

‘जनुकबदल कीटक’ म्हटलं की सगळे एकाच गोणीत भरले जातात. प्रत्यक्षात त्यांच्यात मोठा फरक आहे, आणि तो मुक्कामाच्या लांबीचा आहे.

ओएक्स५१३ए सगळ्यात अल्पमुदतीचा. पिल्लं मरतात, त्यांच्याबरोबर जनुकही संपतो. म्हणूनच नर आठवड्यामागून आठवडा सोडत राहावे लागतात. सोडणं थांबलं की आजूबाजूचे डास आणि कडेला चिकटलेली जुनी अंडी जागा भरून काढतात.

ऑक्सिटेकचा पुढचा वाण ओएक्स५०३४. यात फक्त मादी पिल्लं मरतात. नर पिल्लं जगतात आणि जनुक आपल्या निम्म्या पिल्लांना देतात. त्यांतल्या माद्या पुन्हा मरतात. असा तो काही पिढ्या टिकतो, दर पिढीत विरळ होत जातो आणि अखेर नाहीसा होतो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या बेटांवर २०२१ मध्ये हाच वाण सोडला गेला.

तिसरा प्रकार पूर्णपणे वेगळा आहे. त्याला जीन ड्राइव्ह म्हणतात. एरवी आई किंवा वडिलांकडचा एखादा जनुक पिल्लात उतरण्याची शक्यता निम्मी असते. जीन ड्राइव्ह स्वतःची नक्कल जोडीच्या दुसऱ्या गुणसूत्रावर उतरवतो, त्यामुळे तो जवळजवळ सगळ्याच पिल्लांत जातो. दुधात विरजण घातल्यासारखं हे आहे: चमचाभर घातलं तरी काही वेळाने अख्खं पातेलं दही होतं आणि त्यातून विरजण वेगळं काढता येत नाही. २०१८ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतल्या मलेरियाच्या डासांवर हे करून दाखवलं. पिंजऱ्यातली डासांची अख्खी वसाहत ७ ते ११ पिढ्यांत संपली. असा डास जगात अजून कुठेही मोकळा सोडलेला नाही.

आता यात एक चौथं उदाहरण ठेवून पाहू. वॉल्बाकिया हा कीटकांच्या पेशीत राहणारा जिवाणू. तो एडिसमध्ये घातला की डेंगीचा विषाणू डासाच्या अंगात नीट वाढत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात काटेकोर तुलनात्मक चाचणीत, वॉल्बाकियाचे डास सोडलेल्या भागात डेंगीचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी आढळले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पुदुच्चेरीतल्या संस्थेने ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या मदतीने असे भारतीय डास तयार केल्याचं २०२२ मध्ये जाहीर केलं. यात डासाचा जनुक बदललेला नाही, म्हणून कानाला हा उपाय सौम्य वाटतो. पण हा जिवाणू मादीकडून पिल्लांत जातो, पसरतो आणि तिथेच राहतो. म्हणजे जनुकबदल केलेला ओएक्स५१३ए निघून जातो आणि जनुकबदल नसलेला वॉल्बाकियाचा डास मुक्काम ठोकतो.

म्हणून ‘जनुक बदललाय का?’ या प्रश्नावर अडून राहणं पुरेसं नाही. सोडल्यानंतर तो मागे घेता येतो का, याला जास्त महत्त्व हवं. मुक्काम जितका लांब, तितका पुरावा भक्कम हवा आणि तितक्या जास्त लोकांची संमती हवी.

हिशेबात न बसलेल्या गोष्टी

अल्पमुदतीच्या वाणालाही धोके आहेत. पहिला धोका वाचणाऱ्या पिल्लांचा. टेट्रासायक्लिन नसतानाही प्रयोगशाळेत ओएक्स५१३एची तीन ते पाच टक्के पिल्लं जगतात. लाखोंच्या सोडणुकीत हा आकडा लहान राहत नाही.

ब्राझीलमधल्या जकोबिना शहरात दर आठवड्याला सुमारे साडेचार लाख नर असे सत्तावीस महिने सोडले गेले. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांच्या गटाने तिथले रानटी डास पकडून त्यांचे जनुक वाचले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात, निकषानुसार १० ते ६० टक्के डासांमध्ये सोडलेल्या वाणाच्या जनुकसंचाचे तुकडे सापडल्याचं नोंदलेलं आहे. हे तुकडे घातक जनुकाचे नव्हते. ते त्या वाणाच्या मूळ क्यूबा-मेक्सिकोच्या वंशाचे होते. असे मिश्र डास जास्त दणकट होतील, असंही लेखात सुचवलं होतं. त्याला पुरावा नसल्याची टीका झाली आणि २०२० मध्ये शोधपत्रिकेच्या संपादकांनी लेखाबद्दल चिंता व्यक्त करणारी टीप जोडली. वादाची राळ खाली बसल्यावर दोन गोष्टी उरतात. मिश्र डास जास्त घातक आहेत असं सिद्ध झालेलं नाही. पण सोडलेल्या वाणाचं काहीच मागे उरणार नाही, हा भरवसाही टिकला नाही.

दुसरा धोका टेट्रासायक्लिनचाच. हे औषध माणसांना देतात, तसंच जनावरांना आणि कोंबड्यांनाही देतात. त्याचा अंश विष्ठेतून, सांडपाण्यातून बाहेर येतो. एडिसला स्वच्छ पाणी आवडत असलं तरी सेप्टिक टँकमध्येही तो सापडलेला आहे. कुक्कुटपालनाच्या शेडजवळच्या पाण्यात हा अंश पुरेसा असेल, तर घातक जनुक तिथे गप्प बसेल. हे ब्राझीलच्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. ज्या तालुक्यात सोडायचं, तिथल्या शेडजवळची डबकी, गोठ्यामागचे खड्डे, हौद यांचं पाणी तपासूनच ठरवावं लागेल.

तिसरा धोका मोकळ्या जागेचा. एडिस इजिप्ती कमी झाला तर त्याचा भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस ती जागा घेईल का? तोही डेंगी पसरवू शकतो. कोळी, पाली, वटवाघळं उपाशी राहतील ही भीती त्या मानाने कमी आहे, कारण इजिप्ती हा मूळचा आफ्रिकेतला, व्यापाराच्या जहाजांतून इथे आलेला शहरी पाहुणा आहे. मलेरियाचा ॲनोफेलिस स्टिफेन्सी मात्र आपल्या भूभागातलाच. तो २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या जिबूतीत पोहोचल्याचं दिसलं आणि तिथे मलेरिया वाढला. २०२४ मध्ये जिबूतीने त्याच्याविरुद्ध ऑक्सिटेकचे जनुकबदल नर सोडले. तिथे तो घुसखोर आहे आणि इथे तो मूळ रहिवासी. त्यामुळे तिथला निर्णय उचलून इथे लावता येणार नाही.

चौथा धोका महाराष्ट्राला चांगलाच परिचित आहे. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यातली बोंडं पोखरली, कारण अळीने बीटीच्या विषाला प्रतिकार मिळवला होता. कडेला बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावायचा नियम बहुतेक शेतांत पाळलाच गेला नव्हता. अमेरिकेने मात्र बीटी कपाशीच्या जोडीला वांझ पतंगांची सोडणूक आणि कडक निगराणी चालवून २०१८ मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून हीच अळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. बियाण्यातलं तंत्र दोन्हीकडे सारखं होतं. फरक पडला तो सोडल्यानंतरच्या शिस्तीने.

आणि एक मुद्दा फायद्याच्या बाजूचा. डास ८० टक्क्यांनी घटले म्हणजे डेंगी ८० टक्क्यांनी घटला, असं होत नाही. थोडे डासही साथ चालू ठेवू शकतात. वॉल्बाकियाने योग्यकर्तात रुग्णसंख्येचा पुरावा दिला. जनुकबदल डासांकडून त्या दर्जाचा, रुग्ण घटल्याचा पुरावा अजून यायचा आहे.

संमती कुणाची घ्यायची?

नव्या औषधाच्या चाचणीत प्रत्येक रुग्णाची लेखी संमती घेतात. नको म्हणणाऱ्याला बाजूला होता येतं. डासाच्या बाबतीत ही सोय नाही. एडिस साधारण शे-दोनशे मीटरच्या टापूत फिरतो. शेजारच्या दहा घरांनी हो म्हटलं आणि एकाने नाही, तरी त्या एकाच्याही हौदावर तो बसणारच. म्हणून इथे संमती वस्तीची घ्यावी लागते, आणि ती कशी घ्यायची याचे धडे आपल्याच देशात आहेत.

१९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं केंद्र सुरू केलं. पैसा अमेरिकेचा होता. दिल्लीजवळच्या गावांत वांझ केलेले क्युलेक्स डास सोडले गेले. पुढची योजना सोनीपतमध्ये एडिस सोडण्याची होती. तेवढ्यात १९७४ मध्ये पीटीआय वृत्तसंस्थेच्या बातमीने प्रश्न विचारला: ज्या देशात पीतज्वर नाही, तिथे पीतज्वर पसरवू शकणाऱ्या डासावर परदेशी पैशाने काम कशासाठी? ही जैविक युद्धाची तयारी असल्याचा संशय घेतला गेला, संसदेत गदारोळ झाला, लोकलेखा समितीने १९७५ मध्ये कडक अहवाल दिला, सोनीपतची सोडणूक रद्द झाली आणि केंद्र बंद पडलं. केंद्रातले शास्त्रज्ञ जैविक युद्धाची तयारी करत असल्याचं कुठे सिद्ध झालं नाही. पण पैसा कुणाचा, हेतू काय आणि निकाल कुणाच्या हाती जाणार, हे लोकांना आधी उघडपणे सांगितलं गेलं नव्हतं. त्याची किंमत डासांच्या संशोधनाने पुढे कित्येक वर्षं मोजली.

ही चूक इतरत्रही घडली. केमन बेटांवरच्या सोडणुकीची बातमी जगाला बहुतांशी काम उरकल्यावर, नोव्हेंबर २०१० मध्ये कळली आणि टीका झाली. फ्लोरिडात मतदान घेतलं गेलं, तर तिथे वेगळाच पेच उभा राहिला. २०१६ मध्ये मन्रो काउंटीच्या बहुसंख्य मतदारांनी चाचणीला होकार दिला. पण ज्या की हेवन वस्तीत डास सोडायचे होते, तिथल्या बहुसंख्यांनी नकार दिला. चाचणी तिथे झाली नाही. ज्यांच्या अंगणात डास जायचे, त्यांचं मत इतरांच्या मताइतकंच धरायचं की जास्त, या प्रश्नाला आकडेमोडीने उत्तर मिळत नाही.

आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमध्ये टार्गेट मलेरिया या प्रकल्पाने वर्षानुवर्षं गावोगाव बैठका घेतल्या, शास्त्रीय शब्दांसाठी स्थानिक भाषेत शब्द घडवले आणि २०१९ मध्ये बाना गावात वांझ जनुकबदल नर सोडले. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या लष्करी सरकारने प्रकल्प थांबवला. गावाचा होकार मिळाला तरी देशाच्या पातळीवरचा विश्वास वेगळा कमवावा लागतो.

न सोडण्याचीही किंमत

हे सगळं वाचून ‘मग नकोच ते’ म्हणणं सोपं आहे. पण काही न करणं हाही निर्णयच आहे, आणि त्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. डेंगीवर विषाणू मारणारं औषध नाही. रुग्णाला सलाइन आणि देखरेखीवर सांभाळावं लागतं. ज्याच्या घरात मोठी झाकणबंद टाकी आहे त्याच्यापेक्षा, उघड्या बॅरलवर दिवस काढणाऱ्याला तो आधी गाठतो. धूरफवारणीचं कीटकनाशकही निरुपद्रवी नाही. मधमाश्यांना आणि फवारणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसांना ते लागतं. एकाच जातीच्या डासाला गाठणारा नर या बाबतीत कितीतरी नेमका आहे. त्यामुळे हे तंत्र तपासून पाहण्यालाही नैतिक बळ आहे.

मात्र नव्या तंत्राच्या आडोशाला जुनी जबाबदारी लपता कामा नये. सोलापुरात डास वाढतो तो साठवलेल्या पाण्यात, आणि पाणी साठवावं लागतं ते नळ रोज येत नाही म्हणून. दर आठवड्याला कंपनीकडून विकत घेतलेले नर सोडत राहणं हा महापालिकेच्या तिजोरीवर कायमचा खर्च ठरेल. सोडणं थांबलं की डास परत येतील. रोजच्या पाण्याचा आणि बॅरलच्या झाकणाचा फायदा कंत्राटाबरोबर संपत नाही. नवा उपाय आणायचा तर तो पाणीपुरवठ्याच्या कामाला जोड म्हणून आणावा.

चौकट : थोडक्यात

• एडिसची अंडी भांड्याच्या कडेला कोरडी राहून महिनोन्‌महिने टिकतात. धूर त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.
• ओएक्स५१३ए : सगळी पिल्लं मरणं अपेक्षित, जनुक लवकर संपतो, सतत सोडावा लागतो.
• ओएक्स५०३४ : फक्त मादी पिल्लं मरतात, जनुक काही पिढ्या राहून विरतो.
• वॉल्बाकिया : जनुकबदल नाही, जिवाणू पसरतो आणि टिकतो, डेंगीचे रुग्ण घटल्याचा भक्कम पुरावा आहे.
• जीन ड्राइव्ह : अख्ख्या जातीत पसरू शकतो, मागे घेता येत नाही, जगात कुठेही मोकळा सोडलेला नाही.
• भारतात जनुकबदल डासांची पिंजऱ्यातली चाचणी झाली. खुली सोडणूक झालेली नाही.

परवानगीच्या आधी मागायच्या गोष्टी

भारतात जनुकबदल सजीवांना पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू आहेत. संशोधनाच्या टप्प्यावर केंद्राची पुनरावलोकन समिती आणि पर्यावरणात सोडण्याच्या टप्प्यावर जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समिती अर्ज तपासते. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने खास जनुकबदल कीटकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे तिसऱ्या पायरीचं दार कागदावर तरी आखलेलं आहे. ते उघडायची वेळ आली तर दिल्लीतल्या समितीसमोर कंपनी असेल, शास्त्रज्ञ असतील. जालन्यातल्या गावाने किंवा सोलापूरच्या प्रभागाने तोवर वाट पाहत बसायचं कारण नाही. काही गोष्टी आधीच मागून ठेवता येतात.

पहिली, अर्जाचा पूर्ण सारांश मराठीत, ग्रामसभेच्या किंवा प्रभागसभेच्या बराच आधी. पैसा कुणाचा, वाणाचा मुक्काम किती, वाचणाऱ्या पिल्लांचं प्रमाण किती, हे त्यात आकड्यांत असावं. दुसरी, सोडण्याआधी किमान एक पूर्ण पावसाळा त्या भागातले डास आणि डेंगीचे रुग्ण मोजून ठेवलेले असावेत. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या यशाचा दावा तपासता येणार नाही. तिसरी, परिसरातल्या पाण्यातल्या टेट्रासायक्लिनची तपासणी. चौथी, सोडणूक कधी थांबवायची याची लेखी अट: इतक्या टक्क्यांहून जास्त पिल्लं वाचली, किंवा सोडलेल्यांत इतक्या माद्या निघाल्या, की काम बंद.

आणि पाचवी, नंतरची देखरेख कंपनीबाहेरच्या संस्थेकडे. जकोबिनामध्ये मागे उरलेले तुकडे दिसले, कारण कुणीतरी वेगवेगळ्या टप्प्यांवर डास पकडून त्यांचे जनुक वाचले. त्या कामाला वाहन लागतं, प्रयोगशाळा लागते, पगार लागतात. कृषी विद्यापीठ असो, वैद्यकीय महाविद्यालय असो की पुण्यातली राष्ट्रीय विषाणू संस्था, ज्यांच्याकडे हे काम द्यायचं त्यांच्या किमान पाच वर्षांच्या खर्चाची रक्कम पहिला नर सोडण्याआधी वेगळ्या खात्यात जमा झालेली असली पाहिजे.